वरचे मॉडेल कोणासाठी?

‘बेस घ्यावे की टॉप?’ हा प्रश्न आपल्याकडच्या बहुतेक घरांनी कधी ना कधी शोरूममध्ये उभे राहून सोडवलेला असतो. मोटारीच्या बाबतीत तो फार अवघड जात नाही, कारण वरच्या मॉडेलात वाढलेल्या गोष्टी डोळ्यांना दिसतात: मोठा स्क्रीन, अलॉयची चाके, छतातली काच. ‘स्पोर्ट क्वाड’ नावाच्या यंत्रापाशी मात्र हाच प्रश्न अडून बसतो. दोन मॉडेले शेजारी उभी केली तर रंगापलीकडचा फरक चटकन कळत नाही. इंजिन तेच, सांगाडा तोच, गिअरही तेच. फरक असतो शॉकच्या नळकांड्यात, त्याच्या आतल्या तेलाच्या वाटांत आणि कधी कधी डाव्या-उजव्या चाकांमधल्या तीन-चार इंचांत. एवढ्यासाठी जास्त पैसे मोजावेत का, ही चर्चा सहसा किमतीच्या आकड्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तिची सुरुवात इतिहासापासून व्हायला हवी, असे मला वाटते. या यंत्राच्या अर्धशतकाहून मोठ्या प्रवासात ‘वरचे’ म्हणून आलेल्या गोष्टींच्या दोन जाती दिसतात. एक जात काही वर्षांत खाली उतरली आणि साध्या मॉडेलाचा भाग होऊन गेली. दुसरी कधीच उतरली नाही, कारण ती एका विशिष्ट मैदानासाठीच जन्मली होती. पहिल्या जातीवर खर्च केलेला पैसा क्वचितच वाया जातो. दुसऱ्या जातीवरचा पैसा, ते मैदान आपले नसेल तर, वाया जातोच, शिवाय यंत्र चालवायला अधिक कठीण करून ठेवतो.

आधी हे यंत्र नीट ओळखू. काशिद किंवा नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणणारी जाड टायरची चारचाकी बहुतेकांनी पाहिलेली असते. ती याच कुळातली असली तरी स्वभावाने वेगळी. स्पोर्ट क्वाड हे एकट्याने घोड्यासारखे मांड टाकून चालवायचे यंत्र आहे. मोटरसायकलसारखा हॅण्डल, अंगठ्याने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर, चेनवर फिरणारा मागचा एकसंध अ‍ॅक्सल आणि कमी हवेचे फुगीर टायर. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असल्याने वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे जलद फिरू शकत नाही. म्हणून चालवणाऱ्याला अंग आतल्या बाजूला झोकून मागची चाके थोडी घसरवावी लागतात. या यंत्रात माणूस बसून राहत नाही, तो सतत हलत असतो, आणि त्याचे वजन हा यंत्राच्या तोलाचाच एक भाग असतो. बेस आणि टॉप यांतला सगळा वाद शेवटी या तोलाशी येऊन थांबतो.

या कुळाचा मूळपुरुष होता 1970 साली होंडाने अमेरिकेत आणलेला यूएस90. हिवाळ्यात मोटरसायकलींची विक्री मंदावते, तेव्हा विकायला काहीतरी द्या, अशी तिथल्या विक्रेत्यांची मागणी होती. होंडाचे अभियंते ओसामू ताकेउची यांच्याकडे ते काम आले. दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंतचे नमुने करून पाहिल्यावर त्यांनी तीन चाके निवडली आणि 22 इंची फुगीर टायर लावले. इंजिन 89 सीसीचे, सात अश्वशक्तीचे, आणि किंमत 595 डॉलर. या गाडीला स्प्रिंग नव्हतीच. धक्का झेलायचे काम टायरमधली थोडीशी हवाच करत होती. पुढे जिच्यावर एवढे वाद झाले आणि जिच्यावर आजही टॉप मॉडेलची किंमत ठरते ती शॉकची व्यवस्था पहिल्या यंत्रात अजिबात नव्हती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. निवडीचाही प्रश्न नव्हता. एक यंत्र होते, आणि शेतकऱ्यापासून वाळूत उड्या मारणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांनी तेच घेतले.

फाटा फुटला तो 1980च्या दशकाच्या सुरुवातीला. 1981 साली होंडाने एटीसी250आर आणली: टू-स्ट्रोक इंजिन, पुढे-मागे शॉक, आणि उद्देश उघडपणे वेगाचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने ओझे वाहणारी ‘बिग रेड’ काढली. काम आणि खेळ यांच्या वाटा इथे वेगळ्या झाल्या. सुझुकीने 1983च्या मॉडेल वर्षात क्वाडरनर एलटी125 आणून तीनऐवजी चार चाके दिली, आणि 1985 साली क्वाडरेसर एलटी250आर काढून चार चाकांवरही शर्यत होऊ शकते हे दाखवले. होंडाचे उत्तर 1986 साली आले. टीआरएक्स250आर, म्हणजे 246 सीसीचे पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर. हे यंत्र फक्त चार वर्षे, 1989 पर्यंत बनले. तरी शर्यतीच्या मैदानावर त्याचा सांगाडा त्यानंतर कितीतरी वर्षे टिकून राहिला. कॅलिफोर्नियातल्या आणि इतरत्रच्या छोट्या कारखान्यांनी त्याच्या मापाचे नवे सांगाडे, नवे सिलिंडर, पुढच्या चाकांना सांगाड्याशी जोडणारे लांब ए-आर्म, रुंद अ‍ॅक्सल बनवायला सुरुवात केली. शेवटी अशी स्थिती आली की होंडाचा जवळजवळ एकही सुटा भाग न वापरता ‘250आर’ उभी करता येत असे. त्या काळाचे टॉप मॉडेल असे होते. ते कंपनी विकत नव्हती, माणसे शेडमध्ये बांधत होती.

याच काळातले दुसरे यंत्र मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. 1987 साली यामाहाने बॅन्शी आणली. तिचे 347 सीसीचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन आरझेड350 या मोटरसायकलवरून घेतलेले होते, आणि ती आरझेड म्हणजे आरडी350 च्या घराण्याची पुढची पिढी. 64 मिलिमीटर बोअर आणि 54 मिलिमीटर स्ट्रोक हे माप आपल्याकडे एस्कॉर्ट्सने ‘राजदूत 350’ म्हणून बनवलेल्या गाडीचेही होते. आपल्या गाडीला वाऱ्याने थंड होणारे जुने सिलिंडर होते, बॅन्शीला पाण्याचे, पण नाते रक्ताचे आहे. राजदूत 350 चीही दोन रूपे निघाली होती. आधीचे जास्त ताकदीचे ‘एचटी’ आणि नंतरचे, पेट्रोल वाचावे म्हणून ताकद कमी केलेले ‘एलटी’. आजही जुन्या गाड्यांचे शौकीन एचटी की एलटी याची पहिली चौकशी करतात. बॅन्शीच्या बाबतीत अशी चौकशीच नव्हती. अमेरिकेत ती 1987 पासून 2006 पर्यंत जवळजवळ आहे तशीच विकली गेली. वीस वर्षांत रंग बदलले, बारीकसारीक दुरुस्त्या झाल्या, पण यंत्र मुळात तेच. आणि तरीही कारखान्यातून निघाली तशी राहिलेली बॅन्शी दुर्मीळ. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर जी बॅन्शी दिसे तिचे सायलेन्सर बदललेले, कार्ब्युरेटर मोठे केलेले, सिलिंडरचे पोर्ट घासलेले, मागचा स्विंगआर्म लांबवलेला. जंगलाच्या पायवाटांवर चालवणारा यातले काहीच करत नसे, त्याला वेगळेच शॉक हवे असत. बेस मॉडेल हा कच्चा माल होता, आणि वरचे मॉडेल ज्याचे त्याने आपल्या जमिनीप्रमाणे घडवायचे होते.

कारखान्यांनी वरचे मॉडेल स्वतः का काढले नाही? मागणी नव्हती, हे उत्तर चुकीचे आहे. सुट्या भागांचा एवढा मोठा धंदा मागणीशिवाय उभा राहत नाही. खरे कारण न्यायालयात होते. तीन चाकांच्या गाड्यांच्या अपघातांत शेकडो माणसे मेली होती आणि त्यांत मुले मोठ्या संख्येने होती. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या वतीने सरकारने दावा दाखल केला, आणि 1988 साली होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलारिस या पाच कंपन्यांशी दहा वर्षांचा तडजोडीचा हुकूमनामा झाला. नव्या तीनचाकी विकणे थांबले. सोळा वर्षांखालच्यांसाठी 90 सीसीपेक्षा मोठे यंत्र द्यायचे नाही असे ठरले. खरेदीदाराला मोफत प्रशिक्षण देणे आले. चार चाकांची स्पोर्ट यंत्रे बंद करायला कोणी सांगितले नव्हते, पण ‘आम्ही शर्यतीचे यंत्र विकतो’ असे छातीठोकपणे म्हणायची कंपन्यांची हिंमत गेली. कावासाकीची टेकाटे-4 1988 नंतर, होंडाची 250आर 1989 नंतर, सुझुकीची 500 सीसीची क्वाडझिला 1990 नंतर आणि तिची 250 सीसीची क्वाडरेसर 1992 नंतर दिसली नाही. उरली बॅन्शी, छोटी ब्लास्टर, वॉरियर आणि 1993 पासून होंडाची 300ईएक्स. या शेवटच्या तिन्ही साध्या, हवेने थंड होणाऱ्या, सोशिक. नव्वदच्या दशकात या खेळात आलेल्या बहुतेकांनी असल्या यंत्रांवरच हात बसवला. टॉप मॉडेल नसलेले ते दशक या खेळाचे दुबळे दशक होते असे कोणी म्हणेल. मला ते तसे वाटत नाही. एका पिढीला सोसेल असे, परवडेल असे आणि हवे तर वाढवता येईल असे यंत्र त्या दशकाने दिले.

1999 साली होंडाने 400ईएक्स आणली आणि वारे फिरले. एक्सआर400 या मोटरसायकलवर आधारलेले तिचे फोर-स्ट्रोक इंजिन ताकदीपेक्षा टिकाऊपणासाठी नावाजले गेले. हुकूमनाम्याची दहा वर्षे संपली होती. 2001 साली यामाहाची रॅप्टर 660आर आली, 2003 साली सुझुकीची झेड400, आणि 2004 पासून 450 सीसीची लाटच उसळली. यामाहाची वायएफझेड450 आणि होंडाची टीआरएक्स450आर, मग 2006 साली सुझुकीची एलटी-आर450, 2008 साली कावासाकीची केएफएक्स450आर आणि कॅन-अ‍ॅमची डीएस450. पुण्याच्या बजाज ऑटोने नोव्हेंबर 2007 मध्ये ज्या केटीएममध्ये 14.5 टक्के भाग घेतला ती कंपनीही त्याच सुमारास 450 आणि 525 सीसीच्या क्वाड विकू लागली होती. शेडमध्ये जे वीस वर्षे चालले ते आता कारखान्यात शिरले. एलटी-आर450 तर कारखान्यातूनच सुमारे 50 इंच रुंद, जमिनीलगत बसलेली आणि मोटोक्रॉसच्या उड्यांसाठी शॉक लावलेली अशी निघाली. बेस आणि टॉप हा प्रश्न आज ज्या रूपात ओळखीचा आहे ते रूप या पाच-सहा वर्षांत घडले.

या लाटेत ‘वरचे’ म्हणून जे जे आले ते एकेक करून तपासले तर सुरुवातीला सांगितलेल्या दोन जाती वेगळ्या होतात. होंडाची 450आर आधी फक्त किकवर सुरू होत असे. 2006 साली तिच्या जोडीला सेल्फ स्टार्टची 450ईआर आली. शर्यतवाल्यांना बॅटरी-मोटरचे वजन नको होते, म्हणून त्यांनी किकवालीच पसंत केली. पण लाटेतल्या बाकीच्या सगळ्या मोठ्या यंत्रांनी सेल्फ स्टार्टच दिला. उंच सीटवरून, चिखलात, बंद पडलेले 450चे इंजिन किकने सुरू करणे किती जिकिरीचे असते हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. इंधनाचे इंजेक्शन हेही असेच. एलटी-आर450 मध्ये ते मिरवण्याची गोष्ट होती. 2006 ची रॅप्टर 700आर, मग केएफएक्स, डीएस आणि 2009 ची वायएफझेड450आर यांच्यात ते येता येता गृहीत धरले जाऊ लागले. 2006-2007 मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या धुराच्या नियमांनी इंजिनांवर मोठा दबाव आणला, आणि बॅन्शीचा अमेरिकेतला शेवटही त्याच नियमांपाशी झाला. रिव्हर्स गिअर शर्यतीत बिनकामाचा, पण झाडांच्या दाटीत अडकलेल्याला तोच सोडवतो. केएफएक्स450आरने 450च्या वर्गात तो दिला. या तिन्ही गोष्टी कोणत्याही जमिनीवर, कोणत्याही वजनाच्या, शिकाऊ किंवा मुरलेल्या माणसाला उपयोगी आहेत. दुसरीकडे 50 इंची रुंदी, कडक स्प्रिंगा, खाली बसवलेली सीट या गोष्टी खाली उतरल्या नाहीत. पंधरा-वीस वर्षे झाली, तरी साध्या मॉडेलात त्या आल्या नाहीत, आणि त्या खर्चामुळे अडल्या असे म्हणता येत नाही. लांब ए-आर्म आणि कडक स्प्रिंग बनवायला फारसा जास्त पैसा लागत नाही. त्या अडल्या कारण बहुतेकांना त्या नको होत्या.

रुंदीचे उदाहरण थोडे खोलात पाहण्यासारखे आहे. क्वाड जितकी रुंद तितकी वळणावर स्थिर, हे भौतिकशास्त्र निर्विवाद आहे. मोटोक्रॉसच्या मोकळ्या ट्रॅकवर म्हणूनच 50 इंचांच्या आसपासचे यंत्र चालते. पण अमेरिकेच्या वनखात्याच्या पायवाटांचा एक मोठा वर्ग 50 इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठी राखलेला आहे, आणि अशा वाटांच्या तोंडाशी कित्येकदा त्या मापाचे अडसर असतात. शिवाय दोन झाडांमधली जागा कोणी मापून ठेवलेली नसते. जंगलातली शर्यत करणाऱ्यांना 46 इंचांच्या आसपासचे यंत्र हवे असते. कंपन्यांनाही हे कळले. कॅन-अ‍ॅमने 2009 साली डीएस450 ची दोन वेगळी वरची रूपे काढली, एक मोटोक्रॉससाठी आणि एक जंगलासाठी. यामाहाने 2010 साली वायएफझेड450एक्स काढली, जी त्याच वायएफझेडचे अरुंद केलेले, जंगलासाठीचे रूप होते. एकाच यंत्राची दोन ‘टॉप’ मॉडेले आणि दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेला! पोलारिसच्या ‘आउटलॉ’ नावाच्या क्वाडमध्ये तर क्रम आणखी उलटा झाला. तिची मूळ ओळख म्हणजे मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी, महागडी, आरामाची व्यवस्था. पण शर्यतवाल्यांनी ती नाकारली, आणि त्यांच्यासाठी कंपनीला जुन्याच धाटणीच्या एकसंध अ‍ॅक्सलचे ‘एस’ मॉडेल काढावे लागले. साधी रचना इथे वरची ठरली. ‘वरचे’ आणि ‘खालचे’ ही शिडी नसून हे वेगवेगळ्या दिशांना फुटलेले रस्ते आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आता शॉककडे येऊ, कारण आज दोन मॉडेलांतला फरक बहुतांशी तिथेच असतो. याचे चांगले उदाहरण म्हणजे यामाहाने 2013 साली केलेली रॅप्टरची विभागणी. साधी रॅप्टर 700 आणि वरची 700आर. दोन्हींचे 686 सीसीचे इंजिन एक, सांगाडा एक, रुंदी सुमारे 46 इंच तीच. साध्या मॉडेलाच्या शॉकवर फक्त स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करण्याची सोय, तर 700आरच्या शॉकला वेगळी तेलाची डबी जोडलेली आणि स्क्रू फिरवून दाब व परतीचा वेग ठरवण्याची व्यवस्था. हे काय आहे ते थोडक्यात सांगतो. स्प्रिंग वजन पेलते, पण तिला मोकळे सोडले तर ती नाचत राहते. तिला आवरण्याचे काम तेल करते. शॉक दबताना तेल बारीक छिद्रांतून जाते, ही झाली दाबाची बाजू. स्प्रिंग परत ताणली जाताना तेल उलट जाते, ही परतीची बाजू. दाबाचेही दोन प्रकार. वळणावर अंग झुकल्याने किंवा ब्रेक लावल्याने शॉक सावकाश दबतो, दगडावर आदळल्याने किंवा उडीवरून पडल्याने तो झटक्याने दबतो. दोन्हींसाठी वेगळे स्क्रू असले तर वळणावर ताठ आणि दगडावर मऊ असा स्वभाव यंत्राला देता येतो. वेगळ्या डबीतला दाबाखालचा वायू तेल गरम झाल्यावर फेसाळू देत नाही. तासभर सतत आपटत चालल्यावरही शॉक पहिल्या मिनिटासारखाच वागतो.

हे सगळे खरोखर मोलाचे आहे. पण कोणासाठी? इंधनासह सुमारे 190 किलो वजनाच्या यंत्रावर 60 किलोचा माणूस बसला काय आणि 100 किलोचा बसला काय, एकूण वजनात सुमारे एक षष्ठांशाचा फरक पडतो. कारखान्यातली स्प्रिंग कोणा एका मधल्या माणसासाठी निवडलेली असते. स्क्रू कितीही असले तरी ते तेल आवरतात, स्प्रिंग बदलत नाहीत. ताण वाढवून गाडी उंचावता येते, स्प्रिंग कडक होत नाही. म्हणजे वजनाच्या दोन टोकांच्या माणसाला टॉप मॉडेल घेतल्यावरही स्प्रिंग वेगळी घ्यावीच लागते. मधल्या वजनाच्या, आठवड्यातून एकदा सोबत्यांच्या मागे पायवाटेने जाणाऱ्या माणसाच्या शॉकचे तेल फेसाळण्याइतके तापतच नाही. आणि स्क्रू चुकीचे फिरवले तर टॉप मॉडेल साध्यापेक्षा वाईट चालते. मी अशा माणसाला बेस मॉडेल घे म्हणेन, आणि वाचलेला पैसा हेल्मेट, बूट, गुडघ्याच्या ढाली आणि एखाद्या चांगल्या प्रशिक्षणावर घालव म्हणेन.

यावर पहिला आक्षेप हिशेबाचा आहे, आणि तो वजनदार आहे. सुटे चांगले शॉक बाजारातून घ्यायला गेले तर दोन मॉडेलांतल्या किमतीच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त पैसे लागतात. मग सुरुवातीलाच टॉप घेणे स्वस्त नाही का? ज्याला पुढे शॉक बदलायचेच आहेत त्याच्यासाठी हा हिशेब बरोबर दिसतो, पण इतिहास वेगळे सांगतो. खरा शर्यतवाला कारखान्याचे वरचे शॉकही ठेवत नाही. तो आपल्या वजनाप्रमाणे, आपल्या ट्रॅकप्रमाणे बनवून घेतो, जसे 250आरच्या काळात होत असे. ज्याला शर्यत करायची नाही त्याला बदलावेच लागत नाहीत. या दोघांच्या मधला एक वर्ग उरतो: स्थानिक क्लबच्या शर्यती करणारा, वाळूवर जोरात चालवणारा, मधल्या वजनाचा आणि स्क्रूशी खटपट करायची आवड असलेला. त्याच्यासाठी 700आरसारखे मॉडेल अगदी योग्य आहे, आणि त्याने दुसऱ्या कशाच्या मागे लागू नये. तो वर्ग आहे, पण जाहिरात सुचवते तितका मोठा नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. चांगला शॉक गाडी ताब्यात ठेवतो, मग जिवापेक्षा पैसा मोठा का? खराब शॉकने मागचे टोक उसळून माणूस हॅण्डलवरून फेकला जातो, हे खरे आहे. पण अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचे इशारे वर्षानुवर्षे ज्या गोष्टींवर बोट ठेवत आले त्या वेगळ्या आहेत: डांबरी रस्त्यावर चालवणे, एकट्याच्या यंत्रावर दुसऱ्याला बसवणे, मोठ्यांच्या यंत्रावर मुले, डोक्याला हेल्मेट नाही. यांतले एकही कारण शॉकच्या स्क्रूने दूर होत नाही. उलट वरचे मॉडेल ज्या वेगाला आमंत्रण देते तो वेग नवख्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कोणीच टॉप मॉडेल घेतले नसते तर सेल्फ स्टार्ट, इंजेक्शन, रिव्हर्स खाली उतरलेच नसते. वरचा ग्राहक खालच्याचा खर्च उचलतो. हे मी मान्य करतो. पण वरच्या टोकाला लक्ष लावले की काय होते याचेही उदाहरण आहे. सायकलींसाठी ख्यातनाम अमेरिकी कंपनी कॅननडेल 2000 च्या सुमारास मोटरसायकल आणि क्वाडच्या धंद्यात उतरली. इंजेक्शन, उलटे बसवलेले सिलिंडर हेड, उत्तम सस्पेन्शन: सगळे काळाच्या पुढचे. कॅनिबल, स्पीड, मोटो, ब्लेझ अशी एकाच यंत्राची अनेक रूपे निघाली. पण ज्याच्यावर नवखा माणूस शिकेल आणि जे दहा वर्षे तक्रार न करता चालेल असे सोसणारे यंत्र त्यात नव्हते, यंत्रे बिघडत होती, आणि जानेवारी 2003 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मोटरसायकल-क्वाडचा तो विभाग विकून टाकावा लागला. कॅननडेलचे अपयश केवळ टॉप मॉडेलांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. नवे इंजिन उभे करण्याचा खर्च तिला झेपला नाही, हे मोठे कारण. तरी त्या खर्चाची भरपाई करणारा खालचा ग्राहक तिच्याकडे नव्हता, हेही तितकेच खरे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर 2008 नंतर दिसली. मंदी आली, आणि त्याच सुमारास शेजारी-शेजारी बसायच्या, स्टिअरिंगच्या गाड्यांनी बाजार ओढून नेला. यामाहाची रायनो आधीच होती, पोलारिसच्या आरझेडआरने तर लाटच आणली. त्यात 2008 च्या ग्राहक सुरक्षा कायद्याने मुलांच्या वस्तूंतील शिशावर मर्यादा घातली आणि ती मुलांच्या छोट्या क्वाडनाही लागू झाली. काही काळ दुकानांतून त्या उचलून ठेवाव्या लागल्या, आणि 2011 साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वगळल्या गेल्या. खेळात येण्याची सर्वांत खालची पायरीच तेव्हा निखळली होती. एकामागून एक 450 गेल्या: सुझुकीची, केटीएमची, पोलारिसची, कावासाकीची, होंडाची, शेवटी कॅन-अ‍ॅमची. स्पोर्ट क्वाडच्या ऱ्हासाचे कारण मंदी आणि नव्या गाड्या हेच होते, बेस मॉडेल नसणे नव्हे, असे कोणी म्हणाले तर मी अर्धे मान्य करेन. वायएफझेड450आर ही पक्की शर्यतीची क्वाड तगली, हा माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावाही मी लपवत नाही. पण तिच्या शेजारी तगले ते कोण? होंडाची साधी, नवख्याला सोपी टीआरएक्स250एक्स, आणि यामाहाची रॅप्टर 700, मोठ्या इंजिनाची पण अरुंद, रिव्हर्स असलेली, पायवाटेवर राबणारी. याच रॅप्टरने डकार रॅलीत 2009 साली क्वाडचा वेगळा वर्ग सुरू झाल्यापासून तो वर्ग बंद होईपर्यंत आपला पगडा ठेवला. शर्यतीसाठी जन्मलेल्या 450 नी नव्हे, तर दक्षिण अमेरिकेच्या आणि सौदीच्या वाळवंटात तिचे साधे, सोशिक इंजिन घेऊन बाकी सगळे आपल्या हाताने बदलणाऱ्या चमूंनी त्या शर्यती जिंकल्या.

बॅन्शी आणि 250आर यांच्या जुन्या नगांच्या बाजारात अलीकडे एक वेगळीच मागणी दिसते. जुन्या मालकांनी पहिल्याच महिन्यात काढून फेकलेले मूळ सायलेन्सर, मूळ शॉक, मूळ अरुंद ए-आर्म शोधत लोक फिरतात, आणि हात न लावलेली गाडी सापडली तर बदललेल्या गाडीपेक्षा तिला जास्त भाव देतात.